झाडांच्या राजाला नाव देणारा माणूस : फर्डिनांड फॉन म्युलर



सर्दी झाली की घरोघरी निलगिरीच्या तेलाची बाटली बाहेर निघते. रुमालावर दोन थेंब, नाहीतर वाफाऱ्याच्या पाण्यात. पण हे झाड मूळचे कुठले असे वर्गात विचारून बघा. बहुतेक मुले दक्षिणेतल्या निलगिरी पर्वताचे नाव सांगतील. त्यात मुलांचे काही चुकत नाही. मराठीत आपण झाडाला नावच त्या डोंगराचे दिले आहे! इंग्रजांनी 1840 च्या दशकात ऑस्ट्रेलियातले हे झाड उटीच्या परिसरात लावायला सुरुवात केली. पुढे तिथून तेल येऊ लागले आणि झाडही आपल्यासाठी निलगिरी झाले. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस. त्याच्या सातशेहून जास्त जाती आहेत आणि अगदी थोड्या सोडल्या तर सगळ्यांचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच.

या सातशे जातींमध्ये सगळ्यात उंच वाढणारी एक जात आहे. तिला शास्त्रीय नाव देणाऱ्या माणसाचे चरित्र आज सांगायचे आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला गोष्टीसारखे सांगता येईल असे हे आयुष्य आहे. फक्त गोष्ट सगळी गोड नाही, हे आधीच सांगते.

औषधाच्या दुकानातून जंगलात

फर्डिनांड म्युलर यांचा जन्म 30 जून 1825 रोजी जर्मनीतील रोस्टॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जकात खात्यात अधिकारी होते. मुलगा लहान असतानाच ते वारले. आई मुलांना घेऊन आपल्या माहेरी, ट्योनिंग या गावी गेली. पुढे काही वर्षांनी आईही गेली. पोरक्या झालेल्या फर्डिनांडला पंधराव्या वर्षाच्या सुमारास एका औषध विक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवले.

आज औषधाचे दुकान म्हटले की आपल्याला गोळ्यांची पाकिटे दिसतात. त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः पाने, मुळ्या, साली आणि बिया. औषधवाल्याला वनस्पती ओळखता आलीच पाहिजे, नाहीतर माणूस दगावायचा. या पोराला त्या अभ्यासाचीच गोडी लागली. सुट्टी मिळाली की तो गावाबाहेर पडायचा, रोपे गोळा करायचा, कागदात दाबून वाळवायचा, खाली नाव आणि ठिकाण लिहायचा. ही सवय पुढे पन्नास वर्षे सुटली नाही. नंतर कील विद्यापीठात शिकून 1847 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पण घरात क्षयाचा आजार होता. त्यावर तेव्हा औषध नव्हते. उबदार, कोरड्या हवेत जाऊन राहावे एवढाच सल्ला असायचा. म्हणून बावीस वर्षांचा हा तरुण दोन बहिणींना घेऊन जहाजात बसला आणि डिसेंबर 1847 मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड बंदरावर उतरला. बरोबर पैसा फारसा नव्हता. पोटासाठी पुन्हा औषधाचे दुकान, आणि मोकळ्या वेळात पुन्हा झाडे.

1852 मध्ये ते मेलबर्नला गेले. नुकतेच व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले होते. जगभरातून माणसे फावडी घेऊन तिकडे धावत होती. अशा गडबडीत, जानेवारी 1853 मध्ये, वसाहतीचे प्रमुख चार्ल्स ला ट्रोब यांनी म्युलर यांना सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले. लंडनजवळच्या क्यू बागेचे संचालक विल्यम हूकर यांची शिफारस त्यामागे होती. म्हणजे बघा, सगळे गाव सोने खणतेय आणि सरकारने एका माणसाला पगार देऊन झाडांची यादी करायला बसवले. पण बसले कुठे! घोड्यावर बसून ते डोंगरात निघून गेले. पहिल्या काही वर्षांत व्हिक्टोरियाच्या पर्वतरांगा त्यांनी पिंजून काढल्या. बर्फ, पाऊस, कधी उपासमार. 1855-56 मध्ये ऑगस्टस ग्रेगरी यांच्या मोहिमेबरोबर ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या ओसाड प्रदेशातून पूर्व किनाऱ्यापर्यंत गेले आणि शेकडो अनोळखी वनस्पती घेऊन परतले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती निरीक्षण शिकवताना फार उपयोगी पडते. युकॅलिप्टसच्या जाती ओळखणे महाकठीण. पाने बहुतेकांची सारखीच, लांबट आणि लोंबती. त्यातही कोवळ्या रोपाचे पान एका आकाराचे आणि मोठ्या झाडाचे दुसऱ्याच. फूल बघायचे तर ते पन्नास मीटर उंच! म्युलर यांनी एक युक्ती काढली. त्यांनी सालीवरून गट पाडले. कुणाची साल गुळगुळीत, कुणाची खाली खरबरीत आणि वर गुळगुळीत, कुणाची तंतूसारखी, कुणाची खोल भेगा पडलेली, कुणाची खवल्यांची. जंगलात पायी हिंडणाऱ्या माणसालाच असे सुचणार. कारण त्याला समोर खोडच तर दिसते.

पुढे गंमत अशी झाली की हीच झाडे लंडनमध्ये बसून जॉर्ज बेंथम नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने अभ्यासली. त्यांच्यापुढे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फांद्या होत्या, खोड कुठून येणार? मग त्यांनी फुलातल्या परागकोशांच्या आकारावरून गट पाडले. दोघांचेही बरोबर होते, असे मला वाटते. ज्याच्या समोर जे होते त्याने ते नीट पाहिले. शाळेच्या आवारातल्या पाच झाडांच्या साली मुलांना डोळे मिटून हाताने ओळखायला लावा, मजा येते.

पण या बेंथम प्रकरणाला दुसरी, कडू बाजूही आहे. संपूर्ण ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ आपण लिहावा हे म्युलर यांचे स्वप्न होते. इंग्लंडमधल्या मंडळींनी ते काम बेंथम यांना दिले, कारण जुन्या प्रवाशांनी नेलेले नमुने लंडनला होते आणि ते बघितल्याशिवाय ग्रंथ पुरा होत नव्हता. बेंथम यांनी ऑस्ट्रेलियात कधी पाऊलही ठेवले नाही. म्युलर यांना राग आला असणारच. तरीही त्यांनी आपला आयुष्यभराचा संग्रह पेट्यांमध्ये भरून, जहाजाने, हप्त्याहप्त्याने लंडनला पाठवला. 1863 ते 1878 या काळात सात खंड निघाले. आठ हजारांहून अधिक जाती त्यात आहेत. मुखपृष्ठावर लेखक बेंथम, आणि म्युलर यांचे नाव साहाय्यक म्हणून. हा प्रसंग वाचला की मला दरवेळी थांबायला होते. आपल्यापैकी किती जणांनी पेट्या पाठवल्या असत्या?

राजा झाड आणि त्याचे घर

आता त्या उंच झाडाकडे येऊ. मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या टेकड्या आहेत, त्यापलीकडे उंच डोंगररांगा. तिथल्या दमट दऱ्यांमध्ये लाकूडतोड्यांना अफाट उंचीची झाडे भेटत होती. त्यांचे लाकूड इंग्लंडमधल्या ॲश झाडाच्या लाकडासारखे दिसते म्हणून त्यांनी नाव ठेवले माउंटन ॲश. खऱ्या ॲशशी त्याचे काही नाते नाही. आपण निलगिरी म्हणतो तसेच हे झाले! तिथले मूळ रहिवासी मात्र या झाडांना हजारो वर्षे ओळखत होते. गोऱ्या लोकांची यादी तेवढी नवीन होती.

1871 मध्ये म्युलर यांनी या झाडाला युकॅलिप्टस रेग्नन्स हे नाव सुचवले. रेग्नन्स हा लॅटिन शब्द, अर्थ राज्य करणारा. ही वेगळी जात आहे की टास्मानियातल्या एका जातीचाच प्रकार, याबद्दल त्यांचे स्वतःचेही मन लगेच ठरले नव्हते. सतरा वर्षांनी, 1888 मध्ये, त्यांनी ती जात नीट वेगळी मांडली.

हे झाड जगात सगळीकडे लावता येईल असे नाही. त्याचे मूळ घर फार छोटे आहे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या व्हिक्टोरियाचे काही डोंगर आणि समुद्रापलीकडचे टास्मानिया बेट, बस्स. तिथे वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, वर्षभर विभागून येतो. हवा थंड, सकाळी दाट धुके, उंचावर हिवाळ्यात बर्फ. माती खोल आणि भुसभुशीत. अशा ठिकाणी ही झाडे सरळसोट वर जातात. बुंध्याशी दहा-पंधरा मीटरपर्यंत खरबरीत साल, त्यावर सगळे खोड गुळगुळीत, पांढुरके, आणि सालीच्या लांब पट्ट्या रिबिनीसारख्या लोंबत असतात. खाली वृक्षनेचे, म्हणजे माणसापेक्षा उंच वाढणारे नेचे, छत्रीसारखे पसरलेले. त्यांच्या सावलीत शेवाळ, ओढे, आणि नकला करण्यात पटाईत असलेला लायरबर्ड पक्षी. मेलबर्न शहराला पिण्याचे पाणी याच डोंगरांतून जाते.

उंची किती म्हणाल, तर आज माहीत असलेले सर्वात उंच रेग्नन्स टास्मानियात आहे, सुमारे 100 मीटर. एक मजला दहा फुटांचा धरला तर तेहतीस मजली इमारत. फुले येणाऱ्या झाडांमध्ये हे जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी एक आहे.

आता या झाडाचे एक विचित्र गणित. युकॅलिप्टसच्या बऱ्याच जाती आगीत होरपळल्या तरी खोडावरून किंवा मुळाजवळच्या गाठीतून पुन्हा फुटतात. रेग्नन्स फुटत नाही. मोठी आग लागली की झाड मरते. पण वर शेंड्याला लाकडी बोंडांमध्ये बी जपून ठेवलेले असते. आगीच्या धगीनंतर बोंडे उघडतात आणि बी खाली, ताज्या राखेवर पडते. राखेत अन्न असते, वरून ऊन मिळते, आणि एकरच्या एकर रोपे एकाच वेळी उगवतात. म्हणूनच तिथे मैलच्या मैल एकाच वयाची झाडे दिसतात. मात्र या नव्या झाडांना पुरेसे बी धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर बी नाही, म्हणजे जंगलही नाही. तिथे मग बाभळीच्या जातीची झुडपे माजतात.

आग नाही लागली तर झाड चारशे-पाचशे वर्षे जगते. आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या पुढेच त्याच्या खोडात मोठ्या ढोली पडू लागतात. या ढोली लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

बाग गेली

1857 पासून म्युलर मेलबर्नच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे संचालकही होते. त्यांनी तिथे देशोदेशीची हजारो झाडे लावली, गटवार, ओळीने, नावाच्या पाट्यांसह. बाग म्हणजे शाळा, असा त्यांचा हिशोब. लोकांना मात्र हिरवळ, फुलांचे ताटवे, कारंजी हवी होती. रविवारी बायकामुलांना घेऊन फिरायला जायला ओळीत लावलेली शास्त्रीय झाडे कोणाला आवडणार? वर्तमानपत्रांतून टीका सुरू झाली. अखेर 1873 मध्ये सरकारने त्यांच्याकडून बाग काढून घेतली. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद राहिले, पण सोळा वर्षे वाढवलेली झाडे दुसऱ्याच्या हाती गेली. त्यांच्या जागी आलेल्या विल्यम गिलफॉइल यांनी बागेचा सगळा नकाशा बदलला, वळणावळणाच्या वाटा आणि तळी केली. खरे सांगायचे तर आज ती बाग जगातल्या सुंदर बागांमध्ये गणली जाते ती गिलफॉइल यांच्यामुळे. म्हणजे लोकांची मागणी अगदीच चुकीची होती असेही म्हणता येत नाही. पण म्युलर यांना ते आयुष्यभर लागले. त्यानंतर त्यांनी त्या बागेत पाऊल टाकले नाही, असे सांगतात.

दोनच वर्षांपूर्वी, 1871 मध्ये, जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या राजाने त्यांना बॅरन ही पदवी दिली होती.  पदवी मोठी, राहणे भाड्याच्या खोल्यांत. लग्न दोनदा ठरून दोनदा मोडले. पगारातला मोठा भाग नमुने आणि पुस्तकांवर जायचा.

बाग गेल्यावर ते कागदावर जास्त रमले. दर वर्षी हजारो पत्रे स्वतःच्या हाताने लिहीत. दूरदूरच्या वस्त्यांवर राहणाऱ्या माणसांना ते विचारत की तुमच्याकडे काय फुलते, वाळवून पाठवाल का. आणि लोक पाठवायचे! मेंढपाळ, तारमास्तर, धर्मोपदेशक, मूळ रहिवासी, आणि दोनशेहून जास्त स्त्रिया आणि मुली. शाळेत जाणारी पोरसुद्धा एक फांदी कागदात घालून पाठवू शकत होती. सरकारी पैशाशिवाय, टपालाच्या जोरावर एवढे मोठे संग्रहाचे जाळे उभे करणे, मला वाटते हे त्यांचे सर्वांत मोठे काम. 1879 ते 1884 या काळात त्यांनी युकॅलिप्टसच्या शंभर जातींचा सचित्र ग्रंथ काढला. प्रत्येक जातीला एक चित्र, त्यात पान, कळी, बोंड, बी, सगळे वेगवेगळे काढून दाखवलेले. कळीवर एक छोटी टोपी असते आणि फूल उमलताना ती गळून पडते, हे आपल्याकडच्या निलगिरीवरही बघता येते. त्या टोपीवरूनच युकॅलिप्टस हे नाव पडले आहे. ग्रीक भाषेत अर्थ होतो, नीट झाकलेले.

बी जगभर गेले

तेलाचा उद्योगही म्युलर यांच्याच प्रोत्साहनाने उभा राहिला. मेलबर्नचे औषध विक्रेते जोसेफ बोसिस्टो यांनी 1850 च्या दशकात पानांपासून तेल काढायला सुरुवात केली. आपल्या घरातल्या बाटलीचा धागा असा तिकडे जातो.

म्युलर यांचा युकॅलिप्टसवर इतका विश्वास होता की त्यांनी त्याचे बी जगभर पाठवले. विशेषतः टास्मानियातल्या ब्लू गमचे. अल्जीरिया, इटली, कुठे कुठे ते गेले. रोमजवळच्या एका मठातल्या साधूंनी हिवतापाच्या दलदलीत ही झाडे लावली. झाडाच्या वासाने हवा शुद्ध होते आणि ताप जातो, अशी तेव्हा समजूत होती. झाडे भराभर पाणी ओढतात, त्यामुळे काही ठिकाणी दलदल कमी झालीही असेल. पण हिवताप डासांमुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला 1897 मध्ये मिळाला. म्युलर त्याआधी एक वर्ष वारले होते.

या उत्साहाची किंमतही मोजावी लागली. ब्लॅकबेरीची झुडपे प्रवाशांना उपयोगी पडतील म्हणून म्युलर तिचे बी डोंगरात टाकत जात, असे सांगितले जाते. तीच ब्लॅकबेरी आज ऑस्ट्रेलियात उपद्रवी तण आहे. घाणेरी आपल्याकडे जशी माजली तसेच. दुसऱ्या मुलखातले झाड आणताना काय होईल, हे त्या काळी फार कमी लोकांना कळत होते. त्यांनाही कळले नव्हते.

पण स्वतःच्या जंगलांबद्दल मात्र ते जागे होते. 1871 मध्येच त्यांनी मेलबर्नला मोठे व्याख्यान देऊन सांगितले की जंगले राखा, झाडे तोडता तशी लावा, पाणी आणि हवामान त्यावर अवलंबून आहे. फार कोणी ऐकले नाही. रेग्नन्सची मोठी जंगले शेतीसाठी साफ होत होती. आज आहेत त्याहून उंच झाडे तेव्हा होती, असे दिसते. 1880 च्या दशकात गिप्सलँडमधल्या थॉर्पडेल येथे तोडलेले एक झाड मोजणीदाराने 375 फूट भरवले, म्हणजे सुमारे 114 मीटर. म्युलर यांनी इतरांकडून ऐकलेले 480 फुटांपर्यंतचे आकडेही छापले होते. त्याबद्दल त्यांच्यावर टीका होते आणि ती रास्त आहे. कारण 1888 च्या मेलबर्न प्रदर्शनाच्या वेळी 400 फुटी झाड दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले, तेव्हा ते कोणालाच मिळाले नाही. शोधून सापडलेले सर्वांत उंच झाड 326 फुटांचे निघाले. तोवर कितीतरी झाडे पडून जळून गेली होती, हेही तितकेच खरे.

10 ऑक्टोबर 1896 रोजी मेलबर्नमध्ये म्युलर यांचे निधन झाले. सेंट किल्डा दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आज व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात आहे, आणि ती इमारत त्याच बागेत उभी आहे.

राजा झाडाचे पुढे काय झाले तेही सांगते. 13 जानेवारी 1939 रोजी व्हिक्टोरियात भयंकर वणवे लागले, 71 माणसे गेली आणि रेग्नन्सची अफाट जंगले एका झपाट्यात मेली. 2009 च्या वणव्यात 173 माणसे गेली आणि पुन्हा तेच डोंगर जळले. मधल्या काळात लाकडासाठी तोड चालूच होती. व्हिक्टोरियात सरकारी जमिनीवरच्या नैसर्गिक जंगलांची व्यापारी तोड बंद झाली ती थेट 1 जानेवारी 2024 ला.

आता त्या ढोली. या जंगलांत लेडबीटर पोसम नावाचा एक छोटा प्राणी राहतो. खारीएवढा, कांगारूसारखी पोटाला पिशवी. म्युलर यांचे समकालीन फ्रेडरिक मॅकॉय यांनी 1867 मध्ये त्याला नाव दिले. नंतर तो दिसेनासा झाला, संपला असेच सगळे धरून चालले, आणि 1961 मध्ये मेरिसव्हिलजवळच्या रेग्नन्सच्या जंगलात तो पुन्हा सापडला. त्याला घर लागते जुन्या झाडाच्या ढोलीत. 1939 च्या आगीनंतर उगवलेली झाडे आता पंच्याऐंशी वर्षांच्या पुढे गेली आहेत. ताडमाड वाढली आहेत, पण ढोली पडायला त्यांना अजून कित्येक वर्षे आहेत. तोपर्यंत तिथले लोक झाडांवर चढून लाकडी पेट्या बांधतात, काही ठिकाणी जिवंत खोडात करवतीने पोकळी कोरून देतात, आणि पोसम त्यात राहायला येतो का ते बघत असतात.